सेकंड हँड मोबाईल घेताना आधी आयएमईआय बघा, कॅमेरा नंतर

जुना मोबाईल हातात आला की लोक आधी सेल्फी काढतात, स्क्रीनवर ओरखडे आहेत का बघतात. माझं ठाम मत आहे की आधी फोन कुणाचा आहे ते बघावं. ओरखड्याचे पाचशे रुपये कमी करून मिळतात, चोरीच्या फोनचे सगळेच जातात.

*#०६# डायल करा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसेल, दोन सिमचा फोन असेल तर दोन. ते खोक्यावरच्या स्टिकरशी आणि बिलाशी एकेक आकडा वाचत जुळवा. स्टिकर कुणीही छापून लावतो, म्हणून स्क्रीनवर दिसणारा नंबर खरा धरायचा. दोन्ही जुळले नाहीत तर एकतर खोकं दुसऱ्याचं, नाहीतर आतला बोर्ड बदललेला.

मग इंग्रजीत केवायएम (KYM), एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरही हेच तपासता येतं. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. हातात सॅमसंग आणि उत्तरात भलतीच कंपनी, म्हणजे आयएमईआय बदललेला. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज यांपैकी काहीही आलं, तरी फोन परत द्या. दोन नंबर असतील तर दोन्ही तपासा. बरेच जण एकावरच थांबतात.

पण उत्तर चांगलं आलं म्हणजे फोन चोरीचा नाहीच, असं धरू नका. मूळ मालकाने तक्रार करून ब्लॉकची विनंती केली तरच चोरीच्या फोनचा नंबर ब्लॅकलिस्टमध्ये जातो. काल उचललेला फोन आज स्वच्छ दिसू शकतो. म्हणून बिल हवंच, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रतही.

आणखी एक. ब्लॉक झालेल्या फोनला सिमचं नेटवर्क मिळत नाही, पण वायफायवर तो व्यवस्थित चालतो. विकणारा हॉटस्पॉट देऊन यूट्यूब लावून दाखवतो आणि आपण खूश होतो! स्वतःचं सिम घाला, कॉल लावा, वायफाय बंद करून नेट चालवा.

सगळ्यात जास्त फसगत रीसेटमध्ये होते. 'घरी जाऊन रीसेट करा' असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. विकणाऱ्याने समोर बसून आपलं गूगल खातं काढायचं, आयफोन असेल तर फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडायचं, आणि मग सेटिंगमधूनच रीसेट. बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट मारला तर जुन्या खात्याचं कुलूप तसंच राहतं. रीसेटनंतर नेट जोडून होम स्क्रीन येईपर्यंत सेटअप पुरा करा. हप्ते थकलेल्या फोनवर फायनान्सवाल्यांचं लॉक असेल तर ते बहुतेक वेळा नेट जोडल्यावरच वर येतं. सेटअपमध्ये 'हा फोन संस्थेच्या ताब्यात आहे' अशा अर्थाची ओळ दिसली तर सौदा तिथेच मोडा.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. विकणारा घाई करत असेल तर त्याला जाऊ द्या.