उडालेला रंग

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या ग्रिलला रंग टिकत नाही. दर दोन-तीन वर्षांनी सर्वसाधारण सभेत विषय येतो, कोटेशनं मागवली जातात, सगळ्यात स्वस्त ते मंजूर होतं, ग्रिल रंगते, दोन पावसाळे जातात आणि रंगाचे पापुद्रे खालच्या तुळशीच्या कुंड्यांत पडायला लागतात. हात लावायचीसुद्धा गरज नसते, नुसतं बघितलं तरी पडतात. आणि तोच रंग, त्याच डब्यातला, त्याच माणसाने मारलेला, माझ्या गाडीच्या बॉनेटवर बसला की कर्णाच्या कवचकुंडलांची बरोबरी करतो.

हे असं का, ते तळमजल्यावरच्या काकांनी मला सांगितलं. काका पिंपरीच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर त्यांच्या ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हतं, ते माझ्या रूपाने चालून आलं.

"रंग धरायला पृष्ठभाग कसा लागतो? स्वच्छ, कोरडा, बिनगंजाचा. ग्रिलवर काय आहे? गंज. त्यावर जुना रंग, त्यावर कबुतरं. घासपेपर मारला? नाही. रेड ऑक्साइड मारला? नाही. डायरेक्ट एनॅमल! कसा धरेल? आता तुमची गाडी बघा. आदल्या दिवशीच धुतलेली, पुसलेली, सावलीत उभी. अहो, याहून चांगला पृष्ठभाग रंगाला मिळणार कुठे?"

बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. गाडीचं की रंगाचं, ते कळलं नाही.

यंदा कमिटीने ब्रशऐवजी गनने रंग मारायचं ठरवलं, कारण काम लवकर होतं. ते होतंच. पण ग्रिल या वस्तूचा कुणी नीट विचार केलेला दिसत नाही. ग्रिल म्हणजे मुळात भोकं. दोन गजांच्या मध्ये चार इंच मोकळी जागा आणि गज तो केवढा, अर्ध्या इंचाचा. कंप्रेसरच्या जोरावर गनमधून निघालेल्या रंगाचे बारीक बारीक थेंब होतात, त्यातले थोडे गजावर बसतात आणि उरलेले भोकातून आरपार जाऊन पलीकडे जे असेल त्यावर बसतात. पलीकडे माझी गाडी होती. गडद निळी. आणि रंग होता स्मोक ग्रे. त्यात पुण्यातली मे महिन्याची दुपार, म्हणजे चार वाजले की पश्चिमेचा वारा सुटणार, हे आमच्या इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. रंगाऱ्याने काम सुरू केलं ते बरोब्बर चारला, चहा झाल्यावर.

"गाड्या हलवायची नोटीस नाही का लावायची?" मी सेक्रेटरींना विचारलं.

"लावली होती की."

नोटीस खरंच होती. बोर्डाच्या काचेआड, गणपतीच्या वर्गणीच्या यादीच्या मागे. कडेने तिचा "वि" दिसत होता. "विनंती"मधला असावा.

पहिल्यांदा लक्षात आलं ते गाडी धुणाऱ्याच्या. सकाळी त्याने बेल वाजवली आणि म्हणाला, "साहेब, ही धूळ निघंना." खाली जाऊन बघतो तो निळी गाडी राखाडी झालेली, आणि हा एरवी दोन मिनिटांत गाडी उरकणारा माणूस आज मन लावून घासत होता. ओल्या फडक्याचा बॉनेटवर खर्र खर्र आवाज येत होता. तो आवाज ऐकून काका गॅलरीतून ओरडले, "थांबव, थांबव!" आणि बनियनवरच खाली आले. येताना त्यांनी भाजीची एक पातळ प्लास्टिकची पिशवी आणली होती. प्लास्टिकबंदीच्या आधीची असणार; काका काही टाकत नाहीत.

"यात हात घाला आणि बॉनेटवरून फिरवा. दाबू नका."

मी फिरवला. नुसत्या हाताला जे जेमतेम जाणवत होतं ते पिशवीतून स्पष्ट कळायला लागलं. सगळ्या बॉनेटवर कुणी बारीक रवा चिकटवून ठेवला होता. टपावर तसाच, डाव्या दारांवर तसाच, आरशावर, काचांवर, वायपरवर. उजवी बाजू मात्र स्वच्छ होती. म्हणजे सोसायटीच्या आत येताना मी नवा आणि बाहेर पडताना जुना दिसत होतो.

"एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग असता तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "तो उडता उडता हवेतच वाळतो, भुकटी होऊन पडतो. फडक्याने जातो. हे एनॅमल. हे सावकाश वाळतं. ओलं निघतं, ओलं उतरतं आणि मग रात्रभर हवेतला ऑक्सिजन घेत निवांत कडक होतं."

एवढ्यात रंगारी कामावर हजर झाला. गाडीकडे बघून त्याने मान हलवली. "वाऱ्यानं गेला आसंल. थिनर मारून देऊ का?" असं म्हणत त्याने खिशातून एक चिंधी काढली, जिने आदल्या दिवशी तो गन पुसत होता. काका आणि मी गाडीच्या आडवे झालो.

तिथेच उभं राहून काकांनी मला गाडीच्या रंगाचे थर समजावले. पत्र्यावर पहिला थर, त्यावर प्रायमर, त्यावर गाडीचा खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक त्या वरच्या थराची. तो साधारण चाळीस ते पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. थिनरने वर बसलेलं एनॅमल जाईल, पण थिनरला आपला रंग आणि परका रंग असा भेद करता येत नाही. "आणि गाडीचा डावा दरवाजा बाहेर रंगवून घेतलाय ना तुम्ही मागे? तो तर विरघळेलच." डावा दरवाजा मागे एका रिक्षाने चेपला होता, हे मी काकांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते नुसतं बघून कळलं. तेव्हापासून मी त्यांना वचकून आहे.

दहा वाजेपर्यंत बातमी तीनही विंगांत पोचली आणि औषधं यायला सुरुवात झाली. बायको म्हणाली, "अहो, माझं नेलपॉलिश रिमूव्हर बघा ना लावून." काका म्हणाले, त्यात ॲसिटोन असतं, हेडलाइटचं प्लास्टिक पांढरं पडून तडकेल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खोबरेल तेलाची बाटली पाठवली. त्यांचे सासरे घरचे दरवाजे स्वतः रंगवायचे आणि हात तेलाने साफ करायचे. एकाने टूथपेस्ट सांगितली. टूथपेस्ट प्रत्येक ठिकाणी सांगितली जाते, भाजण्यापासून ते सीडीवरच्या ओरखड्यापर्यंत, त्यामुळे तिचा मी राग मानत नाही. आणि साठीच्या पुढच्या सगळ्यांचं एकमत झालं की यावर उपाय एकच, रॉकेल.

रॉकेल! एकेकाळी ज्याच्यासाठी रेशनच्या दुकानासमोर कॅन घेऊन रांगा लागायच्या, ते आता अख्ख्या सोसायटीत कुणाकडे नव्हतं. शोधाशोधीत एका घरातून पितळी स्टोव्ह निघाला, एका घरातून पिना, एका आजींना आपला काकडा आठवला. रॉकेल काही मिळालं नाही. ग्रुपवर विचारलं तर एका तरुण सभासदाने विचारलं, "हे ऑनलाइन मिळतं का?" त्यावर रॉकेल, भाववाढ आणि हल्लीची पिढी अशी चर्चा दुपारपर्यंत चालली. गाडीचा विषय त्यात परत आला नाही.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. मऊ फडक्यावर थोडंसं घेऊन बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे फारसं कुणी बघत नाही तिथे, लावून पाहिलं. सावलीतल्या भागातला रंग थोडा निघाला. उन्हात राहिलेला जागचा हलला नाही. "काल संध्याकाळीच लावलं असतं तर सगळा गेला असता," काका म्हणाले. काल संध्याकाळी मला हे कोण सांगणार होतं? काका कीर्तनाला गेले होते.

मग गाडी दाखवायला बाहेर काढली. डिटेलिंगच्या दुकानातला मुलगा हातमोजे घालूनच बाहेर आला आणि कपाळावरच्या बॅटरीने बॉनेट तपासायला लागला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणतो की काय. त्याने पेंट करेक्शन, सिरॅमिक कोटिंग आणि वर्षाची देखभाल असं पॅकेज सांगितलं. तेवढ्या पैशांत सोसायटीची नवी ग्रिल आली असती, स्टेनलेस स्टीलची, जिला रंगच लागत नाही. तिथून निघून आमच्या नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो. त्याने बोटाने रंग चाचपला आणि म्हणाला, "मशीननं रबिंग मारून टाकतो, अर्ध्या तासात आरसा." स्वस्त होतं, माणूस ओळखीचा होता आणि मी हो म्हणणार तोच शेजारच्या सीटवरून काका म्हणाले, "रबिंग कंपाउंड काय, वरचा रंग काढतं तसं खालचा क्लिअर कोटही काढतं. झेरॉक्सचा अर्धा कागद, विसरलात?"

घरी आल्यावर काकांनी शेवटचा उपाय काढला. माती.

म्हणजे खरी माती नव्हे, क्ले बार. पोरांच्या खेळातल्या क्लेसारखा दिसणारा निळा ठोकळा. कृत्रिम रेझिन आणि त्यात अगदी बारीक घासणारी पूड. ही जपानची देणगी. तादाओ कोदाते या गृहस्थांना तिचं अमेरिकेतलं पेटंट १९९५ साली मिळालं आणि तिचा मूळ उपयोगच हा, गाडीवर उडालेला रंग काढणं. म्हणजे जपानमध्येही कुणीतरी कुणाच्या तरी गाडीवर रंग उडवत होतं. मला एकदम बरं वाटलं.

गाडी आधी धुवायची, कारण धुळीवर क्ले फिरवणं म्हणजे घासपेपर फिरवणं. पत्रा गार हवा, म्हणून सकाळी लवकर, पार्किंगच्या सावलीत. ठोकळ्याचा एक तुकडा तोडून, मळून, पुरीएवढा चपटा करायचा. बॉनेटच्या हातभर चौकोनावर शांपूचं पाणी भरपूर मारायचं आणि त्यावरून क्ले सरळ रेषेत पुढेमागे न्यायची. गोल फिरवायची नाही. दाबायची तर मुळीच नाही. कडक झालेले कण पृष्ठभागाच्या वर उभे असतात, क्ले त्यांना तेवढ्यापुरतं धरून उपटते.

सुरुवातीला हाताखाली खरखर लागते, आवाजही येतो. मग हळूहळू आवाज बारीक होतो आणि एका क्षणी नाहीसाच होतो, हात सुळकन पुढे जातो. तेवढा चौकोन झाला. तुकडा उलटून बघावा तर निळ्यावर राखाडी ठिपके. तो घडी घालून परत मळायचा, स्वच्छ बाजू वर आणायची आणि पुढचा चौकोन घ्यायचा. मला हे काम इतकं आवडलं की मी टपावर चहाचा कप ठेवून काकांची बोलणी खाल्ली.

एक नियम काकांनी तीनतीनदा बजावला. तुकडा जमिनीवर पडला की टाकून द्यायचा, कारण त्याला लगेच खडे चिकटतात. हे ऐकल्यावर माझ्या हातातून तो पडणार, हे ठरलेलंच होतं. ज्या कष्टाने आपण हप्ते फेडलेली गाडी जपतो, त्याच कष्टाने मी ते तुकडे पकडत होतो. येणारे जाणारे थांबत होते. "गाडीला माती लावताय? पैलवान करणार का?" असं एकाने विचारून घेतलं. सेक्रेटरी आले, त्यांनी निघालेला भाग बघितला, न निघालेला भाग बघितला आणि म्हणाले, "छान निघतोय की! मग बिलाचं काय काढलंत?"

बिलाचं सांगून टाकतो. क्ले, शांपू आणि टर्पेंटाइनची पावती कमिटीकडे दिली. हा खर्च किरकोळ दुरुस्तीतून द्यायचा, रंगकामातून कापायचा की पुढच्या सर्वसाधारण सभेत ठेवायचा, यावर विचार चालू आहे. एका सभासदाने सिंकिंग फंड सुचवला.

काचांवरचा रंग सोपा निघाला. साबणाचं पाणी आणि नवं ब्लेड, अगदी आडवं धरून. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मात्र छळलं. त्यांना क्लिअर कोट नसतो, पृष्ठभाग दाणेदार असतो आणि रंग त्या दाण्यांत जाऊन बसतो. जुना टूथब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून घासलं तेव्हा बराचसा गेला. आरशाच्या खालचा अजून तसाच आहे आणि तो बघायला वाकावं लागतं, म्हणून मी वाकत नाही. शेवटी सगळ्या गाडीला वॅक्स लावलं, कारण क्ले रंगासोबत जुनं वॅक्सही घेऊन जाते. रवा गेला. गाडीत समोरच्या इमारतीचं नाव उलटं वाचता यायला लागलं.

वापरलेली क्ले मी वर्तमानपत्रावर ठेवली होती, टाकण्यासाठी. वर हात धुवून येईपर्यंत काकांच्या नातवाने, तो सुट्टीला आला आहे, तिचा गणपती केला होता. सोंड डावीकडे, पोट भरपूर, अंगभर स्मोक ग्रे ठिपके.

आता हा टाकायचा कसा? कचऱ्यात तर नाहीच. बायको म्हणाली, बादलीत विसर्जन करा. केलं. शाडू नव्हे हा, पाण्यात विरघळत नाही. संध्याकाळी होता तसाच वर आला, उलट धुऊन स्वच्छ झाला. काका म्हणाले, "पॉलिमर आहे. तुमच्या-आमच्यानंतरही राहील." शेवटी बायकोने त्याला हळदकुंकू लावून गाडीच्या डॅशबोर्डवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. गाडी धुणारा दारात उभा, बादली खाली ठेवलेली.

"साहेब, नवी घेतली? सांगितलं न्हाई ते! पेढे?"

मी त्याला खरं सांगायला लागलो होतो, पण बायको आतून डबा घेऊन आलीच.