खुलासा: पेंग्विनच्या अंगावर केस नव्हे, पिसंच असतात

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पेंग्विनच्या अंगावर केस असतात आणि थंडीत तो फक्त चरबीवर तगतो.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत. मुलांनी हे वहीत उतरवण्याआधी नीट सांगायला हवं.

ती पिसंच असतात. आखूड, ताठ, कौलांसारखी एकावर एक बसलेली, म्हणून लांबून केस वाटतात. त्यांच्या बुडाशी आणि मधल्या जागेत बारीक, मऊ पिसांचा थर असतो. त्यात हवा अडकून राहते आणि अंगाची ऊब टिकते. अंटार्क्टिकाच्या बर्फावर उणे ४० अंशांत उभ्या असलेल्या एम्परर पेंग्विनला मुख्य आधार याच थराचा. चरबी जास्त कामी येते ती पाण्यात, कारण बुडी मारताना पिसं दबतात.

रंकाळ्यावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो ना? त्याची पिसं भिजतात. पेंग्विन मात्र शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीनं पिसांना फासतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. वर्षातून एकदा त्याची सगळी पिसं झडतात. नवी येईपर्यंत काही आठवडे तो समुद्रात उतरत नाही, चक्क उपाशी राहतो. नुसत्या चरबीवर भागलं असतं, तर त्याला असं थांबावं लागलं नसतं.

मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा.