नगरपालिकेतले दोन सीओ आणि मार्च महिना

काल बाजारात गेले होते. भरताची वांगी घ्यायची होती. वांगेवाल्या मावशीने पिशवी बाजूला ठेवली आणि आधी मलाच विचारलं, "ताई, तुमनी योजना बंद व्हयनी म्हनतस, मंग आमना हप्ता बी बंद व्हयना का?" म्हटलं नाही हो मावशी, बँकेला योजनेचं काही देणंघेणं नाही, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता चालूच राहणार. ती हसली, मला काही हसू आलं नाही. रात्री झोपच लागेना म्हणून हे लिहायला बसले, लांबलचक होणार आहे, ज्याला वेळ नसेल त्याने लाईक ठोकून पुढे जावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी नऊ वर्षं खानदेशातल्या एका नगरपालिकेत समुदाय संघटक होते, कंत्राटी. कोणती नगरपालिका ते लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील आणि बाकीच्यांना आपापल्या गावाची वाटेल, इकडे तापीच्या ह्या काठाला काय आणि त्या काठाला काय. योजनेच्या कागदावर आमच्या पदाचं नाव कम्युनिटी ऑर्गनायझर, म्हणजे सीओ. आणि नगरपालिकेत सीओ म्हणजे मुख्याधिकारी साहेब. त्यामुळे पहिल्या महिन्यात मी फोनवर "मी सीओ बोलतेय" म्हटलं तर समोरचा मुकादम उभाच राहिला असणार बिचारा, नंतर कळल्यावर दोन वर्षं मला "छोटे सीओ" म्हणत होते सगळे. असो.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान, आपण सगळे एनयूएलएम म्हणायचो ते, जुन्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेच्या जागी २०१३ ला आलं आणि ३० सप्टेंबर २०२४ ला संपलं. त्यात आमचं काम काय, तर वस्तीत जाऊन दहा ते वीस बायांचा बचत गट बांधायचा, बँकेत खातं उघडून द्यायचं, गटाला १०,००० फिरता निधी (गटातल्या बायांनी आपसात कर्जाऊ फिरवायचा पैसा) मिळवून द्यायचा, अशा गटांचा मिळून वस्तीस्तर संघ करायचा, त्याला ५०,००० फिरता निधी, त्याच्यावर शहरस्तर संघ. मग बँकेचं कर्ज. त्याच्यावरचं ७ टक्क्यांच्या वरचं व्याज शासन भरणार आणि महिला गटाने वेळेवर फेडलं की आणखी ३ टक्के सवलत. कागदावर योजना चांगलीच होती, मी आजही म्हणेन. साधारण ३,००० गरीब कुटुंबांमागे एक संघटक असं धोरणात होतं, मी त्याच्या दुप्पट सांभाळली कारण दुसरी मुलगी तलाठी भरतीत निघून गेली आणि तिची जागा शेवटपर्यंत भरलीच नाही. तिला दोष नाही, कायम नोकरी कोण सोडतं भो.

आता मुद्द्यावर येते. लोकांना वाटतं नगरपालिकेत निधी येत नाही ही अडचण आहे. अहो येतो निधी. पण येतो तो त्याच्या कॅलेंडरने येतो, वस्तीच्या नाही. आणि येतो तो वस्तूला येतो, ती चालवणाऱ्या माणसाला नाही, आला तरी उरलासुरला.

वर्ष कसं जातं बघा. एप्रिलमध्ये नवीन उद्दिष्ट आलेलं नसतं. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ डिग्री, पत्र्याच्या घरात दुपारी मीटिंग घेऊन दाखवा, आणि त्यातच आखाजी (अक्षय तृतीया), निम्म्या बाया माहेरी, झोके सोडून कोण येणार तुमच्या प्रशिक्षणाला. जून-जुलैला पेरणी, निंदणी, शहरातल्या वस्तीतल्या बायासुद्धा टेम्पोत बसून आजूबाजूच्या शिवारात जातात हे वरच्या ऑफिसला कधी पटलंच नाही, ते म्हणणार शहरी योजना आहे, शेतमजूर कुठून आले. श्रावणात कानबाईचा सण. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते ती दोन-तीन महिने, तेव्हा दिवसा वस्तीत फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या, मीटिंग रात्री आठला. खरं काम याच रात्रीच्या मीटिंगांत व्हायचं. शेकोटी करून बसायच्या, कोणाचा नवरा पितो, कोणाच्या पोरीची फी राहिली, सगळं निघायचं आणि मग हिशेब. ह्या काळात हातात पैसा शून्य. पेट्रोल माझं, रजिस्टर माझं, चहा त्या बायांचा.

मग फेब्रुवारीच्या शेवटी फोन येतो, निधी आलाय, ३१ मार्चच्या आत खर्च झाला पाहिजे.

मार्च म्हणजे आमच्याकडे गच्चीवर कुरडया, पापड, बिबडे. पहाटे चारला उठून चीक शिजवणाऱ्या बाईला तुम्ही सांगताय अकरा वाजता हॉलमध्ये ये, क्षमता बांधणी आहे. येते बिचारी, आपल्या शब्दासाठी येते. हातावर चीक वाळलेला, अर्धं लक्ष गच्चीवर, कावळा बसला असेल म्हणून. वर्षभराचं प्रशिक्षण नऊ दिवसात उरकायचं. मागे बॅनर, पुढे सगळ्यांचा फोटो, फोटोवर तारीख आणि लोकेशन पाहिजे, नाश्त्याचं बिल, हॉलचं बिल, तज्ज्ञाचं मानधन, हजेरीवर सह्या. खोटं कशाला बोलू, एका वर्षी मी तीन मीटिंगच्या सह्या एका संध्याकाळी घेतल्यात. मीटिंगा झाल्या होत्या हो, डिसेंबरमध्ये रात्री झाल्या होत्या, पण तेव्हा पैसा नव्हता म्हणून बिल नव्हतं, आणि मार्चमध्ये बिल चालत होतं पण मीटिंग नव्हती. ऑडिटच्या भाषेत हे चूकच आहे. आजही सांगताना बरं वाटत नाही.

बरं खर्च नाही केला तर? २०२१ पासून केंद्राच्या योजनांना एकच नोडल खातं आलं, आपल्या खात्यात पैसा साठत नाही, फक्त मर्यादा दिसते, त्यातलं वापरलं तेवढं आपलं. आधी काय व्हायचं, निधी नगरपालिकेच्या खात्यात पडून राहायचा आणि त्याचं व्याज कुठं गेलं ते देव जाणे, म्हणून ही पद्धत आणली ती बरोबरच आहे. पण त्यात एक भानगड अशी की ज्याने वेळेत खर्च केला नाही त्याला पुढचा हप्ता कमी, मग उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर गेला त्याचा दाखला, त्याचा १२-ए चा नमुना, त्याच्यावर सह्या. म्हणजे ज्या गावाने घाईत मार्चमध्ये उडवले ते कार्यक्षम, आणि ज्याने म्हटलं की बायांना वेचणीनंतर वेळ असतो तेव्हा हळूहळू करू, ते मागास. आढावा बैठकीत पडद्यावर तुमचं गाव लाल रंगात दिसतं. लाल रंगात दिसायची सीओ साहेबांना (मोठ्या) एवढी भीती की काय सांगू.

मी कागदाच्या विरोधात नाही हे पण लिहून ठेवते, नाहीतर कमेंटमध्ये लगेच सुरू व्हाल. कागद नसता तर काय झालं असतं ते मी पाहिलंय. एका वॉर्डात अकरा बायांचा गट आला, फॉर्म एकदम चकाचक, सगळ्या रकाने भरलेले. आमचे कायमचे लिपिक अण्णा, चष्मा डोक्यावर घेऊन फोटो बघत बसले आणि म्हणाले ताई ह्यातल्या चार बाया एकच आहे, दोनदा पदर घेतलाय, दोनदा नाही. तिच होती खरंच! मागे कोणाचा तरी कार्यकर्ता होता, १०,००० च्या निधीसाठी एवढा उद्योग. अण्णा रिटायर झाले तेव्हा मी रडले होते, खरं सांगते.

आणि सहीची भीती का बसली हेही समजून घ्या. जळगावच्या घरकुलाची योजना नव्वदच्या दशकातली, तिच्यात घोटाळा झाला, निकाल लागला ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या कोर्टात, अठ्ठेचाळीस जणांना शिक्षा. त्या दिवसापासून इकडच्या कोणत्याही ऑफिसात जा, फाईल पुढे सरकायच्या आधी प्रत्येक माणूस विचारतो ह्याच्यावर माझ्या आधी कोणाची सही आहे. भ्रष्टाचार करणाऱ्याला वचक बसलाच पाहिजे, पण झालं असं की बाईच्या गटाचे दहा हजार आणि कोटीचं टेंडर, दोन्हीला सारखीच भीती. कोटीचं टेंडर भीतीवर मात करतं, त्याला मागे ढकलणारे असतात. दहा हजारांची फाईल बसून राहते.

बेघर निवाऱ्याचं सांगते, ते सगळ्यात जास्त लागलंय मनाला. सुप्रीम कोर्टाने २०१० ला सांगितलं की शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा पाहिजे, बारमाही, चोवीस तास. पुढे अभियानात त्याला निधी मिळाला, माणशी ५० चौरस फूट जागा, न्हाणीघर, स्वयंपाकघर, सगळे निकष. आमच्याकडे रेल्वे असल्यामुळे माणसं येतच राहतात, कोणी गाडीतून उतरवलेलं, कोणी घरच्यांनी आणून सोडलेलं, एक आजोबा तर तिकीट नाशिकचं आणि बसलेत इथे, गाव कोणतं ते आठवत नाही. इमारत छान झाली. उद्घाटन झालं, फीत कापली, पेढे वाटले. आणि आत जो काळजीवाहक होता ना, त्याला सहा महिने मानधन नाही. बांधकामाचा निधी वेगळा, चालवण्याचा वेगळा, चालवण्याचा हप्ता अडकलेला, आणि नगरपालिका म्हणते ही शासनाची योजना, आमच्या बजेटमध्ये तरतूद नाही. तो माणूस समोरच्या टपरीवरून उधारीवर दूध आणून म्हाताऱ्यांना चहा करून देत होता. टपरीवाल्याची उधारी शेवटी कोणी दिली ते मला माहितीये, पण ज्याने दिली तो स्वतःच नको म्हणतो सांगू, म्हणून नाही सांगत. सोलर गीझर मात्र वर चमकत होता, मे महिन्यात.

फेरीवाल्यांची स्वनिधी योजना चालली, ते पण सांगायला हवं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आली, आधी १०,००० कर्ज, फेडले की २०,०००, मग ५०,०००, आता रक्कम वाढून सुरुवातच १५,००० पासून आहे आणि २०३० पर्यंत चालणार आहे. का चालली? मला विचाराल तर आम्ही बँकेच्या रांगेत त्यांच्यासोबत उभे होतो म्हणून. शिफारसपत्र काढून देणं, मोबाईलला आधार जोडून देणं, मॅनेजर साहेबांसमोर बसून "सर ही बाई वीस वर्षं एकाच जागी बसते, पळून कुठं जाणार" हे सांगणं. ह्या कामाला बजेटच्या कोणत्याही शीर्षात पैसा नसतो.

तर मग मागणी काय आमची. नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के महिला-बालकल्याणाला आणि ५ टक्के दिव्यांगांना ठेवावेच लागतात, हे बऱ्याच नगरसेवकांना पण माहीत नसतं. ह्यातून दरवर्षी होतं काय, शिलाई मशीन. भो, आमच्या एका वस्तीत घरटी मशीन आहे आणि ब्लाऊज शिवायला बाया दुसऱ्या वस्तीत जातात. त्या मशीनच्या पैशात दोन संघटक वर्षभर पोसले जातील, केंद्राची योजना असो नसो. केंद्राच्या वित्त आयोगाकडून येणाऱ्या पैशातून हे होत नाही, त्यातला मोठा भाग पाणी-स्वच्छतेला बांधलेला आणि उरलेल्यातूनही पगार-आस्थापनेला हात लावता येत नाही, म्हणून तिकडे मागतच नाही मी. स्वतःच्या खिशातलं मागतेय. लेखा विभाग म्हणेल आस्थापना खर्चाची, म्हणजे पगाराची, मर्यादा आहे. असेल. मग मशीन पण मोजा ना किती चालू आहेत ते, एकदा जाऊन.

आणि दुसरं, सभागृहात ठराव येतो "सदर योजनेस मान्यता देण्यात येत आहे", सगळे हात वर, चहा. त्या ठरावात एक ओळ वाढवा की योजनेचा निधी थांबल्यावर हे कोण चालवणार आणि कोणत्या शीर्षातून. ओळ लिहिता येत नसेल तर इमारत घेऊ नका, फीत कापायला दुसरं काहीतरी शोधा. ह्याच्यावर मागे एका माजी नगरसेवक दादांशी माझं चांगलंच वाजलं, ते म्हणाले ताई फुकट येतंय ते का सोडायचं. मी म्हटलं दादा फुकट येतंय ते हत्ती आहे, चारा आपल्यालाच घालायचाय. दादा तेव्हापासून बोलत नाहीत, लग्नाची पत्रिका मात्र पाठवली.

अभियान संपलं तेव्हा आम्हाला एक पत्र आलं. गटांना तेही नाही. त्यांनी दर महिन्याला मीटिंग घेतली, काही गट फुटले, काही अजून मस्त चालू आहेत, एक गट तर उन्हाळ्यात बिबडे-पापडांचं एवढं करतो की पुण्यापर्यंत पार्सल जातं. त्यांचे फोन मलाच येतात, बँकेत पासबुक भरून देत नाहीत, अध्यक्षीण बदलायची आहे ठराव कसा लिहू, नवीन योजना आली का. मी सांगते. नाही कसं म्हणायचं.

परवा ऑफिसमधून एका नवीन मॅडमचा फोन आला, आवाजावरून पोरगीच वाटली. "ताई, जुन्या गटांची यादी कुठेच सापडत नाहीये, वरून मागितलीये, उद्याच द्यायचीये, तुमच्याकडे काही आहे का?"

आहे. सगळी आहे. माझ्या दिवाणाच्या आत, गादीच्या खाली, वॉर्डाप्रमाणे बांधलेली, झेरॉक्ससकट, झेरॉक्सचे पैसे पण माझेच. म्हटलं ये बाई, शनिवारी ये, जेवायलाच ये, भरीत करते. येताना चार मोकळी पोती घेऊन ये आणि सोबत कोणीतरी दणकट माणूस आण, एकटीने उचलायची नाहीत ती.