कॉफी जळत नाही, आपणच तिचा चहा करतो

थंडी पडायला लागली की गावातल्या ग्रुपवर कॉफीचा एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. 'घरची कॉफी हॉटेलसारखी का लागत नाही? कारण इन्स्टंट कॉफी ही कॉफीच नाही, केमिकलची पावडर आहे. उकळतं पाणी पडलं की ती जळते आणि विषारी होते. म्हणून पाणी वापरूच नका, नुसत्या दुधात करा, दहा मिनिटं फेटा, चिमूटभर मीठ टाका, बाटली फ्रिजात ठेवा. ग्लासभर पाण्यात पावडर टाकून पाहा, खाली बसून रंग सुटला तर भेसळ समजा. एकदा करून थर्मासात भरली की दिवसभर ताजी.' शेवटी कॅन्सरची भीती आणि 'दहा जणांना पाठवा'.

यातलं बरंचसं चूक आहे. जे थोडंफार बरोबर आहे, त्याचं कारण भलतंच दिलंय. मेसेजचा सगळा राग पावडरीवर. आमच्याकडे वऱ्हाडात मात्र कॉफी बिघडते ती गंजात, म्हणजे पातेल्यात, आणि पाण्यात, आणि तिथे कोणी पाहत नाही.

आधी 'केमिकल'चं पाहू. कॉफीच्या बिया भाजतात, दळतात, गरम पाण्याने त्यांचा अर्क काढतात आणि तो अर्क वाळवतात. स्वस्त पावडर गरम हवेत फवारून वाळवलेली असते, महागाची गोठवून. १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली तेव्हापासून ढोबळ रीत हीच आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे नुसतं 'इन्स्टंट कॉफी' म्हणून जे विकलं जातं त्यात कॉफीशिवाय काही घालता येत नाही, चिकोरीसुद्धा नाही, आणि त्यात कॅफीन किमान २.८ टक्के असावं लागतं. कॉफी झाडाला लागते हेच ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी चिखलदरा काही लांब नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात कॉफीची झाडं उभी आहेत.

चिकोरीला भेसळ म्हणणं हा त्याच मेसेजचा धाकटा भाऊ. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं. रंग गडद येतो, दाटपणा येतो, थोडा जळक्या गुळाचा कडवटपणा येतो. कॉफीत ती मिसळायला कायद्याची परवानगी आहे, मात्र कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. किराणा दुकानात लटकणाऱ्या माळेतली पुडी उलटी करून वाचा, बहुतेक वेळा ७० आणि ३० असे आकडे दिसतील. हिशेब करायचा तर दोन ग्रॅम निव्वळ कॉफीत कमीत कमी ५६ मिलिग्रॅम कॅफीन, आणि ७०-३० च्या पुडीत तेवढ्याच वजनाला साधारण ३९. कोणती घ्यायची हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न. माझं विचाराल तर म्हशीच्या दुधात चिकोरीवालीच टिकते. निव्वळ कॉफीचा बारीक वास त्या सायीखाली दबून जातो, पैसे वाया जातात.

आता ती ग्लासातल्या पाण्याची परीक्षा. ही परीक्षा खरी आहे, पण दुसऱ्याच मालाची. फिल्टर कॉफीची दळलेली भुकटी पाण्यावर तरंगते. तिच्यात चिकोरी असेल तर ती काही क्षणांत रंगाच्या रेघा सोडत खाली जाते. मेसेज लिहिणाऱ्याने हीच परीक्षा उचलून इन्स्टंटला लावली. इन्स्टंट विरघळण्यासाठीच बनवलेली असते, ती रंग सोडणार नाही तर काय करणार? या परीक्षेत शंभर टक्के शुद्ध बाटलीही नापास होईल, आणि दुकानदाराशी भांडण फुकटचं.

'उकळत्या पाण्याने कॉफी जळते' हा मात्र मेसेजचा मुख्य खांब. शिकलेसवरलेले लोकही हे सांगतात, म्हणून जरा थांबून पाहू. ही कॉफी तुमच्या ग्लासात येण्याआधी काय काय सोसून आलेली असते? बी भाजली जाते दोनशे अंशांच्या आसपास. कारखान्यात अर्क काढताना पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्याही वर तापवलेलं. मग फवारणीच्या मनोऱ्यात त्याहून गरम हवा. एवढ्यातून निभावून आलेली पावडर आपल्या गॅसवरच्या पाण्याने जळत नसते. आणि गंमत म्हणजे इन्स्टंट कॉफीसाठी सरकारी मानकात जी कसोटी आहे, ती उकळत्या पाण्याचीच: पावडर उकळत्या पाण्यात थोडं ढवळून ३० सेकंदांत विरघळली पाहिजे. विष तयार होत असतं तर सरकारने अशी कसोटी ठेवली नसती.

तरीही उकळत्या पाण्यातली कॉफी काहींना कडू का लागते? कारण आपण पाणी 'ओतत' नाही, पावडर 'शिजवतो'. आमच्याकडे पाहुणे आले की आतून आवाज येतो, "काकाजी, कॉफी मांडू काय?" आणि मग ती खरोखर मांडली जाते. गंजात दूध, पाणी, साखर, वरून पावडर, आणि चार उकळ्या. चहाला हे बरोबर आहे. चहापत्तीतला अर्क अजून पत्तीतच असतो, तो उकळीने निघतो. कॉफीचा अर्क कारखान्यात काढून झालाय. उकळून आणखी काही निघत नाही, उलट जे आहे ते उडतं. घरभर वास दरवळला की बाई खूश होतात, "कशी मस्त वास मारून राहिली!" तो वास आता ओसरीत आहे, कपात नाही. कपात राहतो कडवटपणा, आणि तो मारायला आणखी साखर.

त्यापेक्षा असं करा. ग्लासात सपाट चमचाभर पावडर आणि साखर घ्या. त्यावर साधं, माठातलं पाणी एक चमचा. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने काठाला दाबून घोटा. आधी ते मिश्रण दाणेदार दिसतं, चमच्याला चिकटतं. मग रंग जरा उजळतो आणि ग्लासाच्या कडेला दाणा दिसेनासा होतो. तेवढं झालं की बस. कोरडी पावडर थेट गरम दुधावर टाकली तर वरचे कण भिजून चिकट कवच धरतात आणि आत कोरडी गुठळी तशीच राहते. साय असेल तर विचारूच नका. गॅस बंद करून, उकळी बसलेलं दूध-पाणी वीतभर उंचीवरून त्या घोटलेल्यावर ओता. दीडशे मिलिलिटरला दोन ग्रॅमच्या आसपास पावडर पुरते. आपल्या चहाच्या छोट्या कपाला तेवढी घातली तर कडूच होणार, मग पावडरीला शिव्या.

'पाणी वापरूच नका' याच्याशी माझं अर्धं जमतं. पाणी वगळून नव्हे, पाणी बदलून चव सुधारते. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं, डाळ शिजता शिजत नाही. पट्ट्याबाहेरही काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. रोजच्या गंजाच्या तळाला पांढरा थर बसतो तो त्याचाच. अशा पाण्यातले क्षार कॉफीतली आंबट चव मारून टाकतात. कॉफीला जी चमक असते ती या हलक्या आंबटपणाची. ती गेली की उरतं नुसतं काळं-कडू पाणी, आणि आपण म्हणतो, या वेळची बाटली बेकार निघाली.

खात्री करायची तर दूध मध्ये आणू नका. दोन ग्लास घ्या, दोन्हीत सारखी पावडर. एकात बोअरचं पाणी तापवून ओता, दुसऱ्यात आरओच्या कॅनमधलं. रंगातच फरक दिसू शकतो, चवीत तर कळतोच. आता गावोगावी वॉटर एटीएम झालेत, पाच-दहा रुपयांत कॅन भरून मिळते. प्यायला तेच पाणी आणायचं आणि चहा-कॉफीला मात्र बोअरचं, 'उकळतंच तर आहे' म्हणून, हा हिशेब मला कधी कळला नाही. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. आरओ नसेल तर पाणी आधी उकळून, निववून, तळ न हलवता वरचं घेतलं तर जडपणा थोडा उतरतो. खारेपणाला मात्र हा उपाय चालत नाही.

दूध फाटतं त्याचंही खापर पावडरीवर फुटतं. कॉफी मुळात आंबटसर, त्यात सकाळचं दूध मे महिन्यात दुपारपर्यंत बाहेर राहिलेलं, आणि जोडीला क्षारांचं पाणी. तिघांनी मिळून दूध फाडलेलं असतं.

नुसत्या दुधाची कॉफी कोणाला आवडत असेल तर खुशाल करावी. फक्त म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि तो वास धरून ठेवतो. म्हणून पाव हिस्सा चांगलं पाणी घातलेली कॉफी जास्त 'कॉफी' लागते. गाईच्या दुधाला तेवढीही गरज नाही.

फेटण्याबद्दल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डाल्गोना कॉफीने पोट्ट्यांचे मनगट दुखवले, तेव्हापासून ही समजूत पक्की झाली की फेटल्याने चव 'उघडते'. फेटल्याने फेस होतो. साखरेने पाक दाट होतो, त्यात हवा अडकते, तोंडाला मऊ लागतं, दिसतं झकास. कॉफीचा अर्क तेवढाच राहतो. मजा म्हणून फेटा, भांड्याला तेला-तुपाचा हात लागू देऊ नका, फेस बसतो. पण पाहुण्यांना बाहेर बसवून दहा मिनिटं चमचा वाजवायची गरज नाही.

आणि 'हॉटेलसारखी' म्हणजे कोणासारखी, हेही विचारायला हवं. आपल्यापैकी बहुतेकांच्या जिभेवर जी आदर्श कॉफी बसलीय ती लग्नाच्या मांडवातली. फुर्रर्र आवाज करणारं यंत्र, पांढरा फेस, वर चॉकलेट पावडरीची चिमूट. त्या यंत्रामागे उभं राहून पाहा. ग्लासात हीच इन्स्टंट पावडर आणि भरपूर साखर, त्यावर दूध, त्यात वाफेची नळी. ज्या पावडरीला मेसेज केमिकल म्हणतो, तिच्याच कॉफीसाठी आपण मांडवात रांग लावतो.

मीठ: सोडियमने कडवटपणा दबतो, हे खरं आहे. खारपाणपट्ट्यात ते पाण्यातच आलंय, वेगळं टाकू नका.

फ्रिज: नको. थंड बाटली बाहेर काढून उघडली की हवेतला ओलावा आत पावडरीवर बसतो, श्रावणात तर जास्तच, आणि दोन-चार वेळांत पावडरीचा डिखळा होतो. घट्ट झाकण, कोरडा चमचा, चुलीपासून लांब. वाफाळत्या गंजावर बाटली धरून पावडर झटकायची सवय तेवढी सोडा. एकाच माणसाला कधीमधी लागत असेल तर पुड्याच बऱ्या.

कॅन्सरचं वाचून घाबरलेल्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीत ठेवलं होतं. २०१६ मध्ये सगळे पुरावे पुन्हा तपासून तिला त्या यादीतून काढलं. त्याच वेळी ६५ अंशांपेक्षा गरम कोणतंही पेय सतत पिण्याबद्दल मात्र इशारा दिला, त्यात चहाही आला. आपल्या म्हाताऱ्यांची बशीत ओतून फुंकून प्यायची रीत यात सहज पास होते.

ज्याची काळजी घ्यायला हवी, ते मेसेजमध्ये नाहीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितलंय की जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी टाळावी, कारण अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही; आणि दिवसाचं कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. इन्स्टंटच्या कपात ५० ते ६५ असतं, चहात ३० ते ६५. बाळंतिणीला, रक्त कमी असलेल्या पोरीला ताटावरून उठल्या उठल्या कॉफी देणं थांबवलं, तर ते मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा कामाचं.

राहिला थर्मास. हरभऱ्याला रात्रीचं ओलित असतं, कारण शेतीची लाइन, म्हणजे वीज, बऱ्याचदा रात्रीच येते. कोणाला रानडुकरांसाठी जागलीला जायचं असतं. सोबत कॉफी न्यायची म्हणून संध्याकाळीच करून भरतात आणि मध्यरात्री ती आंबट-कडू लागते. कॉफी तासन् तास गरम ठेवली की तिच्यात आम्लं वाढतात, पावडर कितीही भारी असो. दूधही कोमट होत गेलं की नासायला मोकळं. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून त्यात नुसतं कडक उकळलेलं पाणी भरून न्या, आणि दूध हवंच तर साखर-दूध घातलेल्या तयार पुड्या खिशात ठेवा. मळ्यात गेल्यावर ग्लासात पुडी फोडायची, थोडं पाणी घालून घोटायची, मग बाकीचं ओतायचं. कॅफीनचा निम्मा अंमल उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे लाइन दोनला जाणार असेल तर बारानंतरचा ग्लास घेऊ नका. घरी येऊन झोप लागणार नाही.