साडूच्या पुढं एक गाडी

सुखानं जगण्याचा धोका टाळायचा असेल तर आधी ईर्षा करायला माणूस निवडा. नवखे इथंच घसरतात, एकदम अंबानींवर जातात. एवढ्या लांबच्या माणसावर जळायला जमत नाही. आपण बरोबरीच्याशीच स्वतःला ताडून बघतो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं 1954 सालीच मांडलंय. तेव्हा साडू घ्या. कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारा, तुमच्याएवढ्याच पगाराचा आणि सासरच्या प्रत्येक जेवणाला हजर.

मग वस्तू. ती रस्त्यावरनं दिसली पाहिजे. सॉल्निक आणि हेमेनवे यांच्या 1998 च्या अभ्यासात प्रश्न होता: इतरांना 25 हजार डॉलर नि तुम्हाला 50 हजार, की इतरांना दोन लाख नि तुम्हाला एक लाख? जवळपास निम्म्यांनी कमी पैसे घेतले, पण वरचा नंबर सोडला नाही. सुट्टीच्या बाबतीत मात्र हा हट्ट बराच सैल पडला. म्हणून पन्हाळ्यावरची निवांत दुपार वगैरेंवर पैसा घालवू नका. गल्लीला दिसत नाही ती.

गाडी गुढीपाडव्याला घ्या. दहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता 16,344 रुपये, व्याज एकूण पावणेचार लाखांच्या घरात. पसंतीच्या नंबराची फी वेगळी. पेढे वाटा, रंकाळ्याला एक फेरी मारा, स्टेटसला ‘नाद खुळा’ टाका. दिवाळीला साडू सनरूफवाली आणेल. तुमची गाडी त्या संध्याकाळी जुनी होते, हप्ते 77 उरलेले असतात. बिघाड गाडीत नाही. पैसे साडूच्या पुढं असण्याचे मोजले होते, आणि त्याला वॉरंटी नसते.

ईर्षेचा वाणही बघून घ्या. रिकमन आणि सहकाऱ्यांची 1990 सालची 26 विधानांची मोजपट्टी दुसऱ्याला पाडूनच जिंकायची खुमखुमी मोजते. ती ठेवा. 1996 च्या दुसऱ्या मोजपट्टीत स्वतः तयार होण्यासाठीची स्पर्धा येते, ती कटाक्षानं टाळा. तालमीत शिकवतात ती. वस्ताद काल जोर किती मारलेस विचारतो, शेजारच्याची लंगोट कितीची ते विचारत नाही.

अधूनमधून स्वतःची परीक्षा घ्या. वस्तूंचा हव्यास मोजणारी रिचिन्स आणि डॉसन यांची 1992 सालची 18 विधानं आहेत. वस्तू आयुष्याच्या केंद्रस्थानी, सुख वस्तूंत, यश वस्तूंवरून, अशा तीन बाजू. तिसरीत गुण कमी पडले तर गुजरीत, सराफांच्या पेठेत, जाऊन सोन्याचा साज बघा. मेहुणीचा किती तोळ्यांचा आहे, ते मात्र बायकोकडून आधी काढून घ्या.