बुधवारचे नऊ जण

गेल्या महिन्यात एका शनिवार-रविवारी आमच्या पूल हॉलमध्ये (बिलियर्डसारख्या टेबलावर काठीने बॉल मारून खेळायचा तो पूल) बाहेरच्या आयोजकाची मोठी नाइन-बॉल स्पर्धा झाली. नाइन-बॉल म्हणजे एक ते नऊ नंबरचे बॉल, दर वेळी टेबलावरच्या सर्वांत लहान नंबरला आधी मारायचं, आणि नऊ नंबर घालेल तो गेम जिंकतो. ६४ खेळाडू, दोन दिवस, उभं राहायला जागा नाही. सोमवारी दिवसभर लोक अभिनंदन करत होते. त्याच आठवड्यातल्या बुधवारी, आमच्या नेहमीच्या छोट्या स्पर्धेला, जिथे एरवी २०-२२ नावं लागतात, तिथे ९ जण आले. त्याच्या पुढच्या बुधवारी ११. बाहेरच्या आयोजकांच्या मोठ्या स्पर्धांनी हॉलचं भलं होतं की नुकसान, हा आमच्यातला जुना वाद. त्या नऊ जणांमुळे त्यावर हे लिहायला घेतलं. पोस्ट लांब आहे, पण पूल खेळणाऱ्यांनी आणि हॉल चालवणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती आहे.

मी हॉलचा मालक नाही. गेली बारा वर्षं बुधवारची स्पर्धा सांभाळतो. नावं लिहून घ्यायची, हॅन्डिकॅप (कच्च्या खेळाडूला द्यायची सूट) ठरवायचा, चिठ्ठ्या टाकून ड्रॉ काढायचा, रात्री अकराच्या आत फायनल संपवायची. बक्षीस लहान असतं, त्याच्यासाठी कुणी येत नाही. दोन तास आधी येऊन सराव करतात, हरले तरी कोपऱ्यातल्या टेबलावर एकमेकांशी खेळत बसतात. हॉलचं भाडं, वीज आणि माणसांचे पगार निघतात ते या सरावाच्या तासांतून.

त्या दोन दिवसांचा हिशेब आधी मांडतो, कारण भांडणं नेहमी हिशेबाआधी सुरू होतात. ६४ खेळाडूंची डबल एलिमिनेशन स्पर्धा, म्हणजे दोनदा हरल्यावरच खेळाडू बाहेर, तर किमान १२६ सामने. हरलेल्यांच्या बाजूने वर आलेल्या खेळाडूने फायनलचा पहिला सामना जिंकला तर १२७. आमच्याकडे १२ टेबलं. सात गेमच्या रेसला, म्हणजे आधी सात गेम जिंकेल त्याचा सामना, साधारण तासभर धरला तरी एकही टेबल क्षणभर रिकामं न ठेवता साडेदहा तास लागतात. आणि टेबलं रिकामी राहतातच, कारण हरलेल्यांच्या ब्रॅकेटमधला खेळाडू दुसऱ्या एखाद्या सामन्याचा निकाल लागेपर्यंत थांबून असतो. म्हणजे दोन्ही दिवस हॉल पूर्ण अडकलेला. रोजच्या माणसांना टेबल नाही. हॉलला मिळालं ठरलेलं भाडं, आणि रविवारी रात्री कुशनवर चॉकचे डाग, टेबलाच्या कापडावर ब्रेकच्या (गेमच्या पहिल्या जोरदार फटक्याच्या) जागी पांढरे व्रण आणि दोन ठिकाणी उसवलेली पॉकेटं.

मालक चिडले होते. म्हणाले, वर्षभर बीळ आपण खणायचं आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतो. त्यांचा राग मला समजतो, पण ते बाहेरचा माणूस आला म्हणून चिडले आहेत आणि माझी तक्रार ती नाही. तो आला कुठल्या अटींवर आणि गेला तेव्हा मागे काय उरलं, एवढंच मी विचारतो आहे.

बाहेरून येणारे काय आणतात हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या शनिवारी एका फिरत्या खेळाडूचा सामना मी तीन फुटांवरून पाहिला. टेबलावर दोन बॉल एकमेकांना चिकटलेले, पॉकेटमध्ये बॉल घालायची वाट दिसत नव्हती. त्याने क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) इतका हलका सोडला की तो आठ नंबरच्या मागे जाऊन टेकला आणि समोरच्याला दोन नंबरच्या बॉलचा कडेचा भागसुद्धा दिसेना. आमची पोरं असा शॉट व्हिडिओवर शंभरदा बघतात. पण त्या शॉटआधी तो तीन वेळा टेबलाभोवती फिरला, वाकला, उठला, पुन्हा वाकला, हे व्हिडिओत कापलेलं असतं. ते समोर बसून पाहायला मिळालं. मोठ्या स्पर्धांसारखा तीस सेकंदांचा शॉट क्लॉक, रॅकसाठी, म्हणजे सुरुवातीला बॉल घट्ट मांडायला, पातळ टेम्प्लेट, नऊ नंबर स्पॉटवर ठेवून ठरलेल्या चौकटीतून ब्रेक, ही शिस्त आमच्या मुलांना तिथेच पहिल्यांदा अनुभवायला मिळाली. अशा स्पर्धा बंद व्हाव्यात असं मी कधीही म्हणणार नाही.

आता या आयोजकांच्या पोस्टरकडे येतो. बक्षिसाची एकूण रक्कम मोठ्या अक्षरांत असते. त्यातली आयोजकाने किंवा प्रायोजकाने वरून घातलेली किती आणि खेळाडूंच्याच प्रवेश फीतून जमलेली किती, हे बारीक अक्षरांतही नसतं. ज्याला आपण ॲडेड मनी म्हणतो तो आकडा वेगळा लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत. ६४ पैकी पहिल्या १६ जणांना काही ना काही मिळतं आणि ४८ जण रिकाम्या हाताने घरी जातात. वरचे तीन-चार क्रमांक गावोगाव फिरणाऱ्या खेळाडूंचे. ते त्यांनी खेळून कमावलेले असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या बक्षिसातला मोठा हिस्सा ज्यांच्या खिशातून आला ती माणसं बुधवारची आहेत, आणि एका शनिवारची फी म्हणजे त्यांच्या पाच-सहा बुधवारांचे पैसे.

आमच्या हॉलमधला एक मुलगा, वय एकोणीस, वर्षभर एकही बुधवार चुकवला नाही. त्याने साठवून ती फी भरली. पहिला सामना ७-१ हरला, दुसरा ७-२. एकूण १७ गेम, दीड तासात बाहेर. स्पर्धा खुली होती, हॅन्डिकॅप नव्हता. फार्गोरेट या खेळाडूंना गुण देणाऱ्या पद्धतीच्या हिशेबात १०० गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू दुप्पट गेम जिंकणार, २०० चा फरक म्हणजे चौपट. त्याच्या आणि त्याच्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये २०० च्या आसपास अंतर होतं, तेव्हा सातच्या रेसमध्ये दुसरं काही घडणार नव्हतं. त्याला हे आधी कुणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. त्यानंतरचे तीन बुधवार तो आला नाही, कारण पैसे संपले होते आणि मला वाटतं उमेदही. आमच्याकडे हॅन्डिकॅपवर तो रात्री चार-चार सामने खेळायचा आणि दोनदा फायनलला पोचला होता.

पूलचा इतिहास वाचला तर हॉल आणि मोठी स्पर्धा एकमेकांचे शत्रू कधीच नव्हते. १९६१ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या छोट्या गावात जॅन्स्को बंधूंनी आपल्याच जागेत वन-पॉकेट या पूलच्या प्रकाराची स्पर्धा भरवली आणि पुढची काही वर्षं देशभरातले नामी खेळाडू तिथे जमत राहिले. यूएस ओपन नाइन-बॉल, आज जगातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक, १९७६ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात क्यू-मास्टर नावाच्या हॉलमध्ये सुरू झाली. सुरू करणारे बॅरी बेअरमन हे त्या हॉलचे मालक होते. २०१६ मध्ये ते गेले, नंतर ती स्पर्धा मॅचरूम या ब्रिटिश कंपनीकडे गेली आणि २०१९ मध्ये लास व्हेगासच्या मोठ्या हॉटेलात झाली. मॅचरूमने तिला जी झळाळी दिली ती कुठल्याही एका हॉलच्या ऐपतीबाहेरची आहे. पण रोप लावलं आणि चाळीस वर्षं पाणी घातलं ते एका हॉलवाल्याने.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. केव्हिन ट्रुडो यांनी सुरू केलेल्या इंटरनॅशनल पूल टूरने २००६ मध्ये रीनो इथे वर्ल्ड ओपन भरवली. ३० लाख डॉलर बक्षीस, पहिल्या क्रमांकाला ५ लाख. एफ्रेन रेयेस जिंकले. पूलमध्ये एवढे पैसे कुणी पाहिलेच नव्हते. आणि स्पर्धा संपल्यावर कळलं की बक्षीस द्यायला पैसे नाहीत. जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंना हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या रकमेची वाट पाहावी लागली. जिथे रेयेससारख्यांवर ही वेळ आली तिथे तुमच्या-आमच्या गावात पोस्टर लावणाऱ्याला पैसे आधी कुठे जमा केले आहेत हे विचारणं म्हणजे अपमान नव्हे. प्रत्येक खेळाडूने ते विचारावं.

आणि बाहेरचा असूनही हॉलला उभं करणारा आयोजक असू शकतो याचाही दाखला आहे. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये एक हौशी लीग सुरू केली, तीच आजची अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन. तिची रचना बघा. एट-बॉल या पूलच्या प्रकारात खेळाडूला २ ते ७ असा दर्जा मिळतो, आणि एका लढतीत उतरणाऱ्या पाच जणांच्या दर्जांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे संघात नवखी माणसं घ्यावीच लागतात. सामने आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी, हॉलमध्ये आणि बारमध्ये. त्यांनी हॉलचा गर्दीचा दिवस हिसकावला नाही, मंद दिवशी माणसं आणून दिली. मला या सगळ्या वादात हाच एक मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आयोजक कुठून आला यापेक्षा तो कुठल्या दिवशी काय भरतो आणि काय रिकामं करतो ते बघा.

हॉलवाल्यांनाही चार शब्द सुनवायचे आहेत, आणि ते मी मनापासून सुनावतो आहे. खेळाडू शनिवारच्या स्पर्धेला धावतात याचं एक कारण आपली टेबलं आहेत. कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच असावं असं नियम सांगतो. कित्येक हॉलांमध्ये ते बादलीसारखं उघडं असतं, म्हणजे माणूस वर्षभर चुकीचा शॉट मारून बॉल घालत राहतो आणि बाहेर गेला की तोच बॉल ओठावर आपटून परत येतो. कापड गुळगुळीत होऊन चमकायला लागलं तरी बदलत नाहीत. स्लेटची (कापडाखालच्या दगडी फरशीची) लेव्हल वर्षानुवर्षं तपासलेली नसते, शेवटच्या फुटात क्यू बॉल एका बाजूला घसरतो. बॉल पुसत नाहीत. हॅन्डिकॅप ठरवताना मालकांच्या मित्राला झुकतं माप मिळतं आणि सगळ्यांना ते दिसतं. ज्या हॉलमध्ये हे चालतं तिथला खेळाडू बाहेर गेला तर आयोजकाला शिव्या देऊन काय मिळणार?

आणखी एक. हॉलवाले एकमेकांशी बोलत नाहीत. बाहेरचा आयोजक एका मालकाला सांगतो की शेजारचा कमी भाड्यात हॉल देतोय, आणि दोघेही भाडं उतरवतात. शेजारच्याला फोन करून खरं-खोटं विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. दोन हॉल एकाच शनिवारी स्पर्धा ठेवतात आणि दोघांकडेही अर्धे अर्धे खेळाडू जातात. आयोजकाचं बळ बहुतेक वेळा एवढंच असतं की आपल्यात बोलणं नाही.

बक्षिसाच्या रकमेत बाहेरच्या आयोजकाशी स्पर्धा करू नका. काही मालकांनी ते केलंय, पदरमोड करून दोन-तीन महिने मोठी बक्षिसं लावली, मग दमले, आणि रक्कम खाली आणली तेव्हा जे फक्त रकमेसाठी आले होते ते गेलेच, वर जुने लोकही नाराज झाले. तुमच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही. तुम्हाला माहीत असतं की कोण नोकरीवरून उशिरा येतो, कोणाचा ब्रेक बिघडलाय, कोणाला आता एक दर्जा वर न्यायला हवं.

मी मालकांपुढे ठेवलेल्या अटी इथेही लिहितो, म्हणजे कुणाला उपयोगी पडतील. तारीख दोन महिने आधी विचारून ठरवायची. बक्षिसाची वाटणी आणि वरून घातलेला आकडा प्रवेश सुरू होण्याआधी लेखी लावायचा, आणि ती रक्कम आधी हॉलकडे जमा. ठरलेल्या भाड्यावर प्रत्येक नावामागे एक हिस्सा हॉलला, जो फक्त कापड आणि टेबलांच्या देखभालीवर जाईल. मुख्य स्पर्धेशेजारी कमी दर्जाच्या खेळाडूंसाठी वेगळा, स्वस्त, हॅन्डिकॅपचा ड्रॉ. दोन टेबलं रोजच्या लोकांसाठी मोकळी. त्या आयोजकाला हे कळवलं तेव्हा वेगळ्या ड्रॉची कल्पना त्याला लगेच पटली, जमा रकमेवर अजून घोळतोय. त्यावर मी हटणार नाही.

शेजारच्या तीन हॉलांशीही बोलणं झालं आहे. पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा एका कागदावर आल्या. एकाने लगेच आपली स्पर्धा एक आठवडा पुढे ढकलली, कारण ती दुसऱ्याच्या तारखेवर येत होती. इतकं सोपं होतं, आणि बारा वर्षांत आम्ही केलं नव्हतं.

काल बुधवारी १४ नावं लागली. तो मुलगा आला नव्हता. मी त्याला फोन केला, बराच वेळ बोललो, त्या १७ गेमबद्दलही बोललो. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, काका, माझं नाव लिहून ठेवा. लिहून ठेवलं आहे.