मागचे स्पीकर गप्प का असतात

गेले काही महिने एक मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. मला तो तीनदा आला. तिसऱ्यांदा कोथरूडच्या काकांकडून आला, तेव्हा खाली त्यांनी लिहिलं होतं, "केलं असं. मागचे स्पीकर एकदम जिवंत झाले!" होम थिएटरमध्ये टीव्हीचा आवाज घेऊन तो सगळ्या स्पीकरना वाटून देणारा डबा, म्हणजे रिसीव्हर, कसा लावावा याबद्दलचा हा मेसेज बराच लांब आहे, त्याचा गाभा एवढाच:

"होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये दहा-पंधरा मोड असतात, ते सगळे दिखाऊ. एक, कायम 'ऑल चॅनल स्टिरिओ' ठेवा, नाहीतर मागचे स्पीकर झोपून राहतात आणि पैसे वाया जातात. दोन, टीव्हीचा आवाज 'पीसीएम'वर ठेवा, तो शुद्ध. बाकीचे फॉरमॅट दाबलेले. तीन, सगळे स्पीकर 'लार्ज' करा. 'स्मॉल' केलं की बेस कापला जातो. चार, माइक लावून होणारं ऑटो सेटिंग पुसून टाका, ते अंतरसुद्धा चुकीचं सांगतं. पाच, छताला स्पीकर नसतील तर अ‍ॅटमॉस बंद करा."

मी हौसेने बरीच वर्षं मित्रांच्या, नातेवाइकांच्या घरी रिसीव्हर जुळवून देतो. काकांकडच्या वायरी मीच तपकीर गल्लीतून आणून ओढल्या होत्या. त्यामुळे हा मेसेज वाचून मला खरंच वाईट वाटलं. पाचही सल्ले चुकीचे आहेत, आणि दुसऱ्या सल्ल्याने जे दुखणं होतं त्यावर पहिला सल्ला मलम लावतो. म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून.

पीसीएम म्हणजे आवाजाचे न दाबलेले नमुने, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंतची वाट किती रुंद आहे, याचा त्यात उल्लेखच नाही. ऑप्टिकल केबलमधून किंवा एचडीएमआयच्या साध्या एआरसीमधून (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे उलटा पाठवणारी सोय) पीसीएम जातो तो फक्त दोन चॅनलचा, डावा आणि उजवा. पाच स्पीकर आणि सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) यांचा वेगवेगळा आवाज त्याच वाटेने न्यायचा, तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये बांधूनच न्यावा लागतो. २०१७ साली आलेल्या एचडीएमआय २.१ मधल्या ई-एआरसीने, म्हणजे एआरसीच्या सुधारित रूपाने, ही वाट रुंद केली, पण त्यासाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडेही ई-एआरसी हवं. काकांचा रिसीव्हर त्याच्या आधीचा आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत अजून ऑप्टिकलच जोडलेली दिसते.

शुद्धतेचं म्हणाल, तर ओटीटीवरचा चित्रपट आपल्या घरी येतो तोच दाबलेल्या रूपात. टीव्ही 'पीसीएम'वर ठेवला की ती गाठोडी रिसीव्हरऐवजी टीव्ही सोडतो, आणि सोडल्यावर सहा चॅनलचे दोन करून पुढे पाठवतो. दाबताना जे गेलं ते काही परत येत नाही, वर चार चॅनल वाटेतच जिरतात. मी काकांच्या रिसीव्हरवर 'इन्फो' दाबलं, तर इनपुटच्या जागी दोनच चॅनल दिसत होते. चित्रपट ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठीचा होता. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वरून 'ऑटो'वर नेलं, ऑप्टिकल काढून एआरसी लिहिलेल्या पोर्टला एचडीएमआय लावली, टीव्हीचं सीईसी (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय) चालू केलं. पडद्यावर पाऊस होता. तो काकांच्या मागे पडायला लागला. काका मान वळवून गॅलरीच्या दाराकडे बघत होते.

म्हणजे मागचे स्पीकर झोपलेले नव्हते, त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. आणि इथेच 'ऑल चॅनल स्टिरिओ' हा उपाय म्हणून समोर येतो.

हा मोड काय करतो ते नीट बघू. येणारा आवाज कितीही चॅनलचा असो, रिसीव्हर आधी त्याचे दोन चॅनल करतो. मग डावा आवाज डावीकडच्या सगळ्या स्पीकरना, उजवा उजवीकडच्या सगळ्यांना, आणि दोघांची बेरीज सेंटरला, म्हणजे पुढच्या मधल्या स्पीकरला. मागचे स्पीकर वाजतात हे खरं, पण ते पुढचंच वाजवतात. पडद्यावर आजी बोलत असते आणि तिचा आवाज तुमच्या मानेमागूनही येतो. आपल्या कानाची रीत अशी की एकच आवाज दोन जागांहून आला, तर जिथून तो आधी पोचला तिथूनच तो आला असं वाटतं. सोफ्याच्या कडेला, मागच्या स्पीकरजवळ बसलेल्याला अख्खा चित्रपट त्या कोपऱ्यातून ऐकू येतो. घरातल्या लहान मुलांना आपण बहुधा त्याच जागी बसवतो.

शिवाय आवाज गढूळ होतो, आणि त्याचा हिशोब मांडता येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर, फुटापेक्षा जरा जास्त. एकच आवाज दोन स्पीकरमधून येत असेल आणि तुमच्या कानापासूनच्या त्यांच्या अंतरांत ३४ सेंटीमीटरचा फरक पडला, तर ५०० हर्ट्झजवळ एका स्पीकरची लाट दुसऱ्याच्या लाटेला खाते. पुन्हा १५०० ला खाते, पुन्हा २५०० ला. माणसाच्या बोलण्याचा कस याच पट्ट्यात असतो. रिसीव्हर अंतरं जुळवतो, पण एका जागेपुरती. तुम्ही उशी बदलून फूटभर सरकलात की जुळणी मोडली. काकूंची तक्रार हीच होती, "आवाज मोठा आहे रे, पण शब्द कळत नाहीत." त्यांना वाटत होतं त्यांचे कान गेले. कान ठणठणीत आहेत. एकच शब्द पाच तोंडांनी, पाच वेळांना त्यांच्यापर्यंत येत होता.

मागचे स्पीकर सतत वाजले पाहिजेत, या समजुतीतच मूळ घोळ आहे. ते मुळात अधूनमधून बोलण्यासाठी आहेत. ५.१ च्या मिक्समध्ये संवाद बहुतेक सेंटरला असतो, संगीत आणि हालचाल डाव्या-उजव्याला, आणि मागे पाऊस, रातकिडे, गर्दीची कुजबुज, डोक्यावरून जाणारं विमान. दोन माणसं खोलीत बसून बोलत असतील तर मागे शांतताच असायला हवी. आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेत ध्वनी हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तो शिकून माणसं पुढे आयुष्यभर हेच काम करतात: कोणता आवाज कुठून, किती, कधी. त्यांनी मुद्दाम राखलेली शांतता आपण एका बटणाने बुजवून टाकतो, याचं मला खरोखर दुःख होतं. स्पीकर बिघडलाय का ही शंका असेल तर सेटअपमधला 'टेस्ट टोन' लावा. प्रत्येक स्पीकर पाळीपाळीने खरखरतो. खरखरला म्हणजे वायर आणि स्पीकर दोन्ही ठीक.

मग मोड कोणता ठेवायचा? जे येतंय ते बघून. आवाज ५.१ चा असेल तर तो आहे तसा वाजू द्या. यामाहात त्याला 'स्ट्रेट' म्हणतात, सोनीत 'ए.एफ.डी.', इतरांत डॉल्बी किंवा डीटीएसचं नावच दिसतं. मालिका, बातम्या, जुनी नाटकं असा दोन चॅनलचा मजकूर असेल तर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'न्यूरल एक्स' लावून बघा. २०१४ च्या आधीच्या रिसीव्हरमध्ये त्या जागी 'प्रो लॉजिक टू' असतो. हे मोड आंधळेपणाने वाटप करत नाहीत. डाव्या-उजव्यात जे अगदी सारखं आहे ते सेंटरला नेतात, जे एकमेकांच्या उलट चालतं ते मागे नेतात. म्हणून निवेदिकेचा आवाज पडद्यालाच चिकटून राहतो आणि टाळ्या मागे पसरतात. काकूंसाठी मी मालिकांना हाच मोड लावून दिला.

गाण्यांना मात्र मी साधा 'स्टिरिओ' लावतो. मैफलीचं चांगलं ध्वनिमुद्रण असेल तर गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसतो, तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला. त्याला सेंटरची गरज पडत नाही. आकाशवाणीच्या जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांत डावं-उजवं एकच असतं, तेव्हा 'प्रो लॉजिक'मध्ये सगळं गाणं एकट्या सेंटरमध्ये आकसतं आणि ऐकणारा म्हणतो, सेट बिघडला. तिथेही स्टिरिओच बरा.

आता 'लार्ज' आणि 'स्मॉल'. या शब्दांनी फार लोकांना फसवलंय. त्यांचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही. खालचे सूर कोण वाजवणार एवढंच त्यातून ठरतं. 'स्मॉल' केलं आणि क्रॉसओव्हर, म्हणजे या वाटणीची सीमा, ८० हर्ट्झला ठेवला, की त्याखालचं सगळं सबवूफरकडे जातं. कापलं काहीच जात नाही, काम वाटून दिलं जातं. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठल्या बाजूने येतोय हे कानाला नीट ओळखताही येत नाही, म्हणून ही वाटणी खपून जाते. उलट 'लार्ज' केलं की स्पीकरच्या आतल्या, हवा हलवणाऱ्या चार-पाच इंची पडद्याकडून आपण ४० हर्ट्झ मागतो. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. छोटा पडदा तेवढा हलतच नाही, तो फाटक्या आवाजात ओरडतो. आणखी एक: पुढचे स्पीकर 'लार्ज' असतील तर बहुतेक रिसीव्हरमध्ये स्टिरिओ गाण्याच्या वेळी सबकडे काहीच जात नाही. मग लोक सबचा व्हॉल्यूम वाढवतात आणि पुढच्या चित्रपटात खिडक्यांच्या काचा थरथरतात. सगळे 'स्मॉल' करा, ८० वर ठेवा, आणि सबच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवा, म्हणजे एकाच आवाजाला दोनदा चाळणी लागणार नाही.

चौथा मुद्दा काकांना सगळ्यात पटला होता, कारण त्यांनी तो मोजायची टेप लावून तपासला होता. सब सोफ्यापासून ९ फुटांवर, रिसीव्हर सांगतो १५. "हे बघ, यंत्राला साधं अंतर मोजता येत नाही." अहो काका, यंत्र फूट मोजत नाही, वेळ मोजतं. सबच्या आत स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स असते, त्यातून बाहेर पडायला आवाजाला काही मिलिसेकंद जादा लागतात. रिसीव्हर तेवढा उशीर फुटांत मांडून दाखवतो. तो आकडा 'दुरुस्त' करून ९ केला, की सबचा ठोका मागे पडतो आणि ढोलाचा दणका सैल वाटतो. त्याला हात लावू नका.

ऑटो सेटिंग फसतं ते बहुतेक वेळा माइक कसा ठेवला त्यावरून. सोफ्याच्या पाठीवर टेकवला, पंखा चालू राहिला, मध्येच कुकरची शिट्टी झाली, तर हिशोब चुकणारच. माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, कॅमेऱ्याच्या स्टँडवर लावा. पंखा, एसी बंद. मोजणी झाल्यावर पुढचे स्पीकर 'लार्ज' झाले असतील तर तेवढं 'स्मॉल' करा. आपल्या हॉलमध्ये विट्रिफाइड फरशी, एका बाजूला गॅलरीची सरकती काच, दुसरी बाजू जेवणाच्या टेबलाकडे उघडी. अशा खोलीत डावी आणि उजवी बाजू सारखी वाजणं कठीणच, म्हणून ही मोजणी आपल्याला जास्तच लागते. एक लक्षात ठेवा: 'प्युअर डायरेक्ट' लावलं की बऱ्याच रिसीव्हरमध्ये ही सगळी दुरुस्ती बाजूला पडते.

संवाद तरीही दबत असतील तर सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वर न्या. त्याआधी तो युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला नाही ना ते बघा. काकांकडे होता, पुढे गणपतीची फ्रेम. कप्प्याच्या कडेपर्यंत ओढला आणि खाली रबराचा तुकडा देऊन तोंड जरा वर केलं, एवढ्यानेच निम्मं काम झालं. रात्री उशिरा चित्रपट बघायचा तर 'नाइट मोड' वापरा. स्फोट खाली येतात, कुजबुज वर येते.

अ‍ॅटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या फॉरमॅटचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसच्या आत येतो, आणि छताला स्पीकर नसतील तर वरचे आवाज आहेत त्या स्पीकरमध्ये सामावून घेतले जातात. बंद केल्याने काही मिळत नाही. उलट काही अ‍ॅपमध्ये आवाज थेट दोन चॅनलवर घसरतो, आणि आपण पुन्हा दुसऱ्या मुद्द्यावर येऊन पडतो.

'ऑल चॅनल स्टिरिओ'ची जागा कुठेच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दिवाळीच्या फराळाला काकांकडे वीसेक माणसं असतात, कोणी हॉलमध्ये, कोणी स्वयंपाकघराच्या दारात, कोणी गॅलरीत. कोणीही एका जागी बसून ऐकत नाही, अभंग सगळीकडे सारखा पोचायला हवा असतो. तो मोड त्याच कामासाठी केलेला आहे. काकांच्या रिमोटवर त्याच्या बटणाला मी हिरवी टिकली लावून दिलीय, आणि पाहुणे गेल्यावर दाबायच्या बटणाला लाल.